माहिती काढण्यासाठी माणसाचा छळ करणं कधी योग्य ठरू शकतं का?

१ ऑक्टोबर २००२ ची सकाळ. जर्मनीतलं फ्रँकफर्ट शहर. पोलिसांच्या ताब्यात माग्नुस गेफ्गेन नावाचा कायद्याचा विद्यार्थी आहे. चार दिवसांपूर्वी शाळेतून घरी निघालेला अकरा वर्षांचा एक मुलगा गायब झाला. घरच्यांकडे दहा लाख युरोंची खंडणी मागितली गेली. ती त्यांनी दिली, आणि पैसे उचलायला हाच विद्यार्थी आला. पोलिसांनी त्याला तिथेच धरलं नाही, मागावर राहिले, कारण तो मुलाकडे जाईल आणि ठिकाण कळेल अशी आशा होती. तो गेलाच नाही. शेवटी विमानतळावर त्याला अटक झाली. चौकशीत तो एकामागून एक थापा मारत राहिला. मुलगा कुठेतरी कोंडलेला असेल, अन्नपाण्यावाचून तडफडत असेल, ही कल्पना त्या रात्री ठाण्यातल्या कुणालाही झोपू देणारी नव्हती.

फ्रँकफर्ट पोलिसांचे उपप्रमुख वोल्फगांग डाश्नर यांनी सकाळी आदेश दिला. आधी ताकीद द्या, तरी बोलला नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इजा होणार नाही अशा बेताने त्याला वेदना द्या. खात्यातल्याच काही अधिकाऱ्यांनी याला विरोध केला होता. डाश्नर यांनी आदेश लपवला नाही, स्वतः फाइलमध्ये नोंदवून ठेवला. एका अधिकाऱ्याने खोलीत जाऊन आरोपीला सांगितलं, की तू बोलला नाहीस तर तुला असह्य वेदना दिल्या जातील. प्रत्यक्ष वेदना द्यायची वेळ आली नाही. साधारण दहा मिनिटांत त्याने ठिकाण सांगितलं.

इथे क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, तुम्ही डाश्नर यांच्या जागी असता तर काय केलं असतं? मी हा प्रश्न अनेकांपुढे ठेवून पाहिलाय. बहुतेकजण, विशेषतः ज्यांच्या घरात लहान मूल आहे ते, एका दमात सांगतात की आम्ही तर यापेक्षा जास्त केलं असतं. ही भावना मला परकी नाही. म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर जरा सावकाश शोधायला हवं.

मुलगा सापडला तो एका तळ्याच्या काठी, लाकडी धक्क्याखाली. मृत. ज्या दिवशी पळवलं त्याच दिवशी त्याला मारण्यात आलं होतं. धमकी दिली गेली तेव्हा वाचवायला कुणी उरलंच नव्हतं.

ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो

‘बॉम्ब टिकटिकतोय, ठेवणारा तुमच्या ताब्यात आहे, तासाभरात हजार माणसं मरणार, मग त्याला मारून बोलतं करायचं की नाही?’ हा प्रश्न वादविवादात हमखास येतो. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क-वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांनंतर तर तो जगभर विचारला गेला. ऐकायला तो साधा हिशेब वाटतो. एका पारड्यात एका गुन्हेगाराच्या वेदना, दुसऱ्या पारड्यात हजार निरपराधांचे जीव. असा प्रश्न ऐकून कुणी ‘नाही’ म्हटलं की तो निर्दयच वाटतो.

पण हा प्रश्न रचतानाच त्यात काही गोष्टी गुपचूप घालून ठेवलेल्या असतात. बॉम्ब खरंच आहे. पकडलेला माणूस तोच आहे. त्याला ठिकाण माहीत आहे. मारलं की तो खरं बोलेल. ते खरं आहे हे आपल्याला ओळखता येईल. वेळेत पोचता येईल. आणि दुसरा कुठलाही मार्ग उरलेला नाही. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी, शंभर टक्के खात्रीने माहीत असलेला पोलीस अधिकारी फक्त प्रश्नातच भेटतो. ठाण्यातल्या अधिकाऱ्याकडे असतो संशय, खबऱ्याची टीप, एखादा अर्धवट फोन नंबर आणि वरून येणारा दबाव.

फ्रँकफर्टची घटना मी मुद्दाम घेतली, कारण त्या काल्पनिक प्रश्नाच्या इतक्या जवळ जाणारी खरी घटना क्वचितच सापडते. माणूस तोच होता. त्याला ठिकाण माहीत होतं. तो बोलला, आणि खरंही बोलला. तरीसुद्धा ज्या एका गोष्टीवर सगळा नैतिक हिशेब उभा होता, म्हणजे मुलगा जिवंत आहे, तीच खोटी निघाली. इतक्या स्वच्छ प्रकरणात जर ही गत, तर गर्दीत, घाईत, अंदाजाने धरलेल्या माणसांच्या बाबतीत काय होत असेल?

मारलं की माणूस बोलतो, पण काय बोलतो?

ऊस चरकात घातला की रस निघणारच, तशी माहिती माणसाच्या आत भरलेली असते आणि दाब दिला की बाहेर येते, अशी आपली एक समजूत आहे. सिनेमांनी ती घट्ट केली. प्रत्यक्षात दिवसेंदिवस झोप न मिळालेल्या, वेदनेने आणि भीतीने अर्धमेल्या झालेल्या माणसाची आठवणशक्तीच आधी कोलमडते. त्याला एकच गोष्ट कळते, की समोरच्याला जे हवंय ते दिलं की हे थांबेल. त्यामुळे तो ते देतो. त्याच्याकडे असेल तर खरं देतो, नसेल तर रचून देतो. ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

याचं सगळ्यात महागात पडलेलं उदाहरण म्हणजे इब्न अल-शेख अल-लिबी. अफगाणिस्तानात प्रशिक्षण छावणी चालवणारा हा माणूस २००१ च्या अखेरीस पकडला गेला. सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने, त्याला इजिप्तच्या हवाली केलं. तिथल्या कोठडीत त्याने सांगितलं, की इराकने अल-कायदाच्या लोकांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणात ही माहिती जगापुढे ठेवली. महिनादीड महिन्यात इराकवर हल्ला झाला. पुढच्या वर्षी अल-लिबीने जबाब फिरवला. मारहाण आणि हालांपासून सुटका व्हावी म्हणून आपण त्यांना हवं ते सांगितलं, असं त्याचं म्हणणं होतं. युद्धामागे हे एकच कारण नव्हतं. पण जगापुढे मांडलेल्या कारणांत एक कारण छळातून आलेली थाप होती, ही गोष्ट लहान नाही.

अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीने सीआयएच्या या सगळ्या उद्योगाचा अभ्यास केला आणि ९ डिसेंबर २०१४ ला त्याचा सारांश प्रसिद्ध केला. ११९ माणसं गुप्त तुरुंगांत ठेवली गेली होती. त्यातली किमान २६ माणसं खुद्द सीआयएच्याच निकषांत बसत नव्हती, म्हणजे चुकीने धरलेली होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद याला मार्च २००३ मध्ये १८३ वेळा पाण्याखाली गुदमरवलं गेलं. फळीला बांधून, तोंडावर फडकं टाकून वर पाणी ओतायचं. बुडत असल्याची भावना होते. कल्पना करा, पहिल्या वेळी उपयोग झाला असता तर पुढच्या वेळा कशासाठी लागल्या? छळामुळे हल्ले टळले म्हणून सीआयए जी वीस ठळक उदाहरणं देत होती, त्यातलं एकही समितीला टिकलेलं दिसलं नाही. सीआयएने हा निष्कर्ष मान्य केला नाही. तीच माहिती दुसऱ्या मार्गाने मिळाली असती की नाही हे कधीच कळू शकणार नाही, असं तिच्या तेव्हाच्या संचालकांनी सांगितलं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. एखाद्याला इतक्या थराला जाऊन यातना द्यायच्या, तर ‘कदाचित उपयोग झाला असेल’ यावर भागत नाही.

आपल्याकडचा अनुभव

महाराष्ट्रातल्या वाचकाला यासाठी अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी सात स्फोट झाले. १८९ माणसं गेली. एटीएसने, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाने, धरलेल्या आरोपींपैकी बहुतेकांचे कबुलीजबाब मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली नोंदवले गेले. एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. मोक्कात एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला चालतो. आरोपींनी नंतर सांगितलं, की हे जबाब मारून घेतले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाबांतले काही भाग एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे होते, हे न्यायालयाने नोंदवलं आणि छळाचा आरोपींचा दावाही ग्राह्य धरला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, एवढी स्थगिती त्या न्यायालयाने दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही.

आता या प्रकरणात कोण काय गमावून बसलं ते बघा. आरोपींची साधारण १९ वर्षं गेली. त्यातला एकजण उच्च न्यायालयाच्या निकालाआधीच तुरुंगात वारला. आणि १८९ घरांना, इतक्या वर्षांनंतर, आपलं माणूस कुणी मारलं याचं कोर्टात टिकलेलं उत्तर मिळालेलं नाही. छळाचं समर्थन नेहमी बळींच्या नावाने केलं जातं. इथे बळींच्याच पदरात काही पडलं नाही. लोकलने रोज जाणाऱ्या माणसाला मी हे सांगतो तेव्हा तो गप्प होतो, कारण ११ जुलैला आपण कुठल्या गाडीत होतो हे त्याला अजून आठवत असतं.

मालेगावचंही तसंच. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुण धरले गेले, कबुलीजबाब झाले, ते फिरवले गेले. पुढे तपास एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि बोट वेगळ्याच गटाकडे दाखवलं गेलं. २०१६ मध्ये पहिले आरोपी दोषमुक्त झाले. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटात हिंदू आरोपी होते. त्यांच्यातल्या काहींनीही तपासात छळ झाल्याचे आरोप केले होते, आणि जुलै २०२५ मध्ये तेही सगळे निर्दोष सुटले. आरोप करणं आणि ते सिद्ध होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण आरोपी आपल्या बाजूचा असला की कोठडीतला छळ अमानुष, आणि दुसऱ्या बाजूचा असला की ‘कडक चौकशी’, ही सवय आपण सोडली पाहिजे.

याच्या शेजारी २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला ठेवा. शहर तेच. कसाब जिवंत सापडला होता, राग शिगेला पोचला होता. तरी त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली ती वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी काढलेले फोटो, सीएसटीवरचं सीसीटीव्ही चित्रण, प्रत्यक्षदर्शी, आणि कराचीहून येणाऱ्या सूचनांचं रेकॉर्डिंग अशा पुराव्यांवर. त्याने कबुलीही दिली, पण ती दंडाधिकाऱ्यांपुढे, विचार करायला वेळ देऊन घेतलेली.

ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, तो

इटलीतले कायद्याचे विचारवंत चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच सांगितलं होतं, की छळात दणकट गुन्हेगार सुटतो आणि दुबळा निरपराध अडकतो. मला यातला एक पदर फार महत्त्वाचा वाटतो. खरा गुन्हेगार छळ केव्हाही थांबवू शकतो, जे माहीत आहे ते सांगून टाकायचं. निरपराधाकडे तो मार्गच नाही. ‘मला माहीत नाही’ हे त्याचं खरं उत्तर, पण तेच उत्तर कसलेला गुन्हेगारही देतो. म्हणजे तो जितकं खरं बोलेल तितका ‘मुरलेला’ दिसेल आणि तितका जास्त मार खाईल. छळाची रचनाच अशी आहे, की तिथे सगळ्यात जास्त भोगतो तो ज्याला काहीच ठाऊक नाही.

समजा, छळ करण्याची परवानगी फक्त पक्की खात्री असेल तेव्हाच दिली. तरी खात्री कुणाची? छळ करायला निघालेल्या प्रत्येकाला आपली खात्रीच वाटत असते. त्या २६ जणांबद्दलही कुणाला तरी वाटलीच होती.

आणि उपयोग होत असेल तर?

इथपर्यंतचा सगळा युक्तिवाद ‘छळ उपयोगी पडत नाही’ यावर चालला. पण प्रामाणिकपणे बोलायचं तर कधीकधी तो उपयोगी पडतो. फ्रँकफर्टला दहा मिनिटांत माहिती मिळालीच की. म्हणून खरा नैतिक प्रश्न हा, की उपयोग होत असला तरी ते करावं का?

विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा असा. आपण युद्धात शत्रूला मारतो, स्वसंरक्षणासाठी हल्लेखोराला ठार करण्याचा हक्क कायदाही देतो. मरण हे वेदनेपेक्षा मोठं. मग मारणं चालतं आणि काही तासांच्या वेदना चालत नाहीत, हे कसं?

उत्तर त्या माणसाच्या अवस्थेत आहे. अंगावर कोयता घेऊन धावून येणाऱ्याला तुम्ही मारता तेव्हा तो तुमच्यासाठी धोका असतो, त्याच्या हातात हत्यार असतं, आणि तो थांबला की तुमचा हक्कही तिथेच संपतो. शरण आलेल्या सैनिकाला गोळी घालणं युद्धातसुद्धा गुन्हा आहे. कोठडीतल्या माणसाचे हात बांधलेले असतात. तो कुणाचं काही करू शकत नाही. त्याचं खाणं, झोपणं, संडासला जाणंसुद्धा तुमच्या मर्जीवर आहे. अशा माणसाला वेदना देताना तुम्ही त्याचंच शरीर त्याच्या विरोधात उभं करता. त्याच्या मनाने जे न सांगायचं ठरवलंय ते त्याच्या नसांकडून वदवून घेता. तुरुंगवासात माणसाचं स्वातंत्र्य जातं, पण आत तो माणूस उरतो. छळाचा उद्देशच तो आतला माणूस मोडणं हा असतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या १९८४ च्या छळविरोधी करारात युद्ध, युद्धाची भीती, अंतर्गत अस्थिरता, आणीबाणी यातलं कुठलंच कारण सबब म्हणून चालणार नाही असं स्पष्ट लिहिलंय. जगात असे नियम फार थोडे आहेत ज्यांना अपवादाची खिडकीच ठेवलेली नाही.

खिडकी ठेवली की काय होतं, हे इस्रायलने करून पाहिलंय. १९८७ मध्ये तिथल्या लांडाऊ आयोगाने दहशतवादाच्या चौकशीत ‘मर्यादित शारीरिक दबावा’ला मुभा दिली. उद्देश अपवादात्मक प्रसंगांचा होता. काही वर्षांत तो पॅलेस्टिनी कैद्यांच्या चौकशीचा नेहमीचा भाग बनला. ६ सप्टेंबर १९९९ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जोरजोराने हलवणं, वेदनादायक आसनांत बांधून ठेवणं, झोपू न देणं अशा पद्धती बेकायदा ठरवल्या. बॉम्बस्फोटांच्या सावटाखाली जगणाऱ्या देशाचं ते न्यायालय होतं. पण त्याच निकालात एक फट राहिली. आणीबाणीच्या प्रसंगी असं काही केलेल्या अधिकाऱ्याला नंतर ‘गरज होती’ असा बचाव मांडता येतो. त्या फटीतून किती काय जातं, यावर तिथे अजून भांडण चालू आहे.

अपवाद एकट्यादुकट्या प्रसंगापुरता राहत नाही, याचं कारण साधं आहे. ‘त्या’ एका दिवशी छळ करायचा तर तो करता येणारा माणूस आधीपासून तयार हवा. मरणार नाही पण बोलेल इतकंच करण्याचं कसब हवं, शेजारी उभा राहणारा डॉक्टर हवा, खोली हवी, साधनं हवीत. हे कसब तो कुणावर शिकणार? एकदा असे लोक, अशी खोली, असा विभाग तयार झाला की तो वर्षानुवर्षं रिकामा बसून त्या एका बॉम्बची वाट पाहत नाही. मोबाईलचोरही तिथेच जातो.

अल्जियर्सचा अधिकारी

या विषयातला मला सगळ्यात आदर वाटणारा माणूस पॉल टेटजेन. फ्रान्सच्या ताब्यातल्या आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या अल्जीरियात, अल्जियर्सच्या प्रशासनात ते पोलिसांची जबाबदारी असलेले वरिष्ठ अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांचा स्वतःचा छळ केला होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये फेर्नां इव्हेतों नावाच्या कामगाराला गॅस कारखान्यात बॉम्ब ठेवताना पकडलं. दुसरा एक बॉम्ब कुठेतरी असल्याचा संशय होता. गॅसच्या टाक्या उडाल्या तर हाहाकार. पोलिसांनी छळाची परवानगी मागितली. टेटजेन यांनी नाकारली, आणि ती दुपार त्यांनी भीतीने थरथरत काढली, असं त्यांनी पुढे सांगितलं. दुसरा बॉम्ब फुटला नाही.

फुटला असता तर? हा प्रश्न टाळून चालणार नाही. नशिबाने साथ दिली म्हणून निर्णय बरोबर ठरला, असं म्हणणं मला पटत नाही. मग फ्रँकफर्टचा मुलगा जिवंत असता तर डाश्नर बरोबर ठरले असते, असंही म्हणावं लागेल. टेटजेन यांना त्या दुपारी पुढचं माहीत नव्हतं. माहीत होती ती एक गोष्ट, की एकदा हा दरवाजा उघडला की तो बंद करणं आपल्या हातात राहणार नाही. तो राहिला नाहीच. पोलिसांनी इव्हेतोंचा छळ केलाच, आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये त्याला गिलोटिनवर चढवलं. त्याच वर्षी शहरातले पोलिसी अधिकार लष्कराच्या पॅराट्रूपर्सकडे गेले आणि छळ रोजचं काम झालं. टेटजेन स्थानबद्धतेच्या आदेशांचा हिशेब ठेवत होते. त्यात तीन हजारांहून जास्त माणसांचा पत्ताच लागत नव्हता. त्यांनी राजीनामा दिला. लष्कराने शहरातलं बंड मोडलं, आणि १९६२ मध्ये फ्रान्सला तो देश सोडावा लागला.

‘माझं मूल असतं तर?’

कितीही युक्तिवाद केला तरी शेवटी कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारायलाच हवं. माझं उत्तर असं, की माझं मूल असतं तर मी कदाचित त्या माणसाच्या नरडीला हात घातला असता. पण बाप हतबल होऊन काय करेल यावरून पोलिसांनी काय करावं हे ठरत नाही. आणि एखादं कृत्य समजण्यासारखं असणं वेगळं, बरोबर असणं वेगळं.

जर्मन न्यायालयाने नेमका हाच फरक केला. डिसेंबर २००४ मध्ये डाश्नर आणि तो दुसरा अधिकारी, दोघांनाही दोषी ठरवलं. हेतू मूल वाचवण्याचा होता, ताण टोकाचा होता, हे लक्षात घेऊन शिक्षा मात्र अगदी सौम्य दिली. ताकीद, आणि पुन्हा गुन्हा केला तरच भरावा लागणारा दंड. गेफ्गेनला आधीच जन्मठेप झाली होती, ती कायम राहिली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं, की पोलिसांनी दिलेली धमकी हीच अमानुष वागणूक होती आणि मुलाचा जीव वाचवण्याचा हेतूही तिचं समर्थन करू शकत नाही. अनेक जर्मन लोकांना याचा संताप आला. मला वाटतं, यापेक्षा प्रौढ उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही. कुणाला खरंच वाटत असेल की आज नियम मोडल्याशिवाय जीव वाचणार नाही, त्याने तो उघडपणे मोडावा, फाइलवर लिहून ठेवावं आणि न्यायालयापुढे उभं राहून जे होईल ते सोसावं. दया दाखवायची की नाही ते न्यायालय ठरवेल. आधीच माफीची हमी मागणाऱ्याला मात्र ती कधीही देऊ नये.

मग गुन्हेगार बोलणार कसे?

बोलतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाचा हान्स शार्फ नावाचा चौकशी अधिकारी पकडलेल्या अमेरिकी वैमानिकांना रानातून फिरायला न्यायचा, गप्पा मारायचा, आपल्याला सगळं आधीच माहीत आहे असं भासवायचा. बोलण्याच्या ओघात वैमानिक नेमका हवा तो तपशील सांगून जात आणि आपण काही सांगितलं हेही त्यांच्या लक्षात येत नसे. आज मानसशास्त्रज्ञ त्याच्या पद्धतीचा अभ्यास करतात. मार्च २००२ मध्ये अल-कायदाशी संबंध असल्याचा संशय असलेला अबू झुबैदा जखमी अवस्थेत पकडला गेला, तेव्हा एफबीआयच्या अरबी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्या उशाशी बसून, त्याची शुश्रूषा करत त्याला बोलतं केलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांमागचा मेंदू खालिद शेख मोहम्मद आहे, हे त्याने तेव्हा सांगितलं. पाण्याखाली गुदमरवणं त्यानंतर, ऑगस्टमध्ये सुरू झालं. ब्रिटनमध्ये बॉम्बस्फोटांच्या प्रकरणांत दमदाटीने घेतलेल्या कबुल्यांवर निरपराध माणसं पंधरा-सोळा वर्षं तुरुंगात सडल्याचं उघड झालं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या पोलिसांनी चौकशीची पद्धतच बदलली. कबुली काढणं हा उद्देश सोडून माहिती गोळा करणं हा उद्देश ठेवला. गुन्हे उघडकीस यायचे थांबले नाहीत.

आपल्या ठाण्यांत हे का होत नाही? पोलीस जात्याच क्रूर असतात म्हणून नव्हे. एका तपास अधिकाऱ्याकडे डझनांनी गुन्हे, फॉरेन्सिकचा अहवाल यायला महिने, बंदोबस्त वेगळाच, आणि वरून विचारणा की अजून डिटेक्ट का नाही? अशा वेळी चार दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळाली की पट्टा हाच सगळ्यात स्वस्त तपास ठरतो. भारतीय पुरावा कायदा तयार करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांना इथल्या एका अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात हेच सांगितलं होतं, की उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं. म्हणूनच १८७२ च्या कायद्यात पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून बाद ठरवली गेली.

पण त्याच कायद्यात कलम २७ आलं. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सांगण्याचा तेवढा भाग कोर्टात चालतो. त्यामुळे पंचनाम्यांत एक ठरलेलं वाक्य दिसतं: ‘मी लपवून ठेवलेला चाकू काढून देतो.’ दोन पंच बसवायचे, निवेदन लिहायचं, सह्या घ्यायच्या, सरकारी गाडीतून जायचं आणि झुडपातून चाकू हस्तगत करायचा. अनेक खटल्यांत हे खरंच तसं घडलेलं असतं. काहींत मात्र ते वाक्य आणि सही यायच्या आधीच्या रात्री काय झालं, हे कुठल्याच कागदावर येत नाही. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही तरतूद तशीच आहे.

कागदावर संरक्षण पुष्कळ आहे. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे घटनेच्या कलम २० मध्ये आहे. अटक करताना काय पाळायचं याची यादी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात दिली. संमतीशिवाय नार्को चाचणी नाही, असं २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं. ठाण्यांत कॅमेरे लावा, अगदी चौकशीच्या खोलीतही, असं २०२० मध्ये बजावलं. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत किरकोळ लूटमारीच्या संशयावरून धरलेला एक तरुण पोलीस कोठडीत मेला, आणि तो पळून गेल्याचा बनाव रचून त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळल्याचं उघड झालं. तिथे कुठलाही बॉम्ब टिकटिकत नव्हता.

भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. २०१० मध्ये छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत झालं, राज्यसभेच्या निवड समितीकडे गेलं आणि नंतर बारगळलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधी आयोगाने करार मंजूर करण्याची शिफारस केली, सोबत नव्या कायद्याचा मसुदाही दिला. कोठडीतल्या माणसाच्या अंगावर जखमा आढळल्या, तर त्या पोलिसांनी केल्या नाहीत हे पोलिसांनी सिद्ध करावं, असं आयोगाचं म्हणणं आहे. हा मसुदा सरकारकडे आहे. तो संसदेत आणण्यासाठी आपल्या खासदाराला पत्र लिहिणं, भेटून विचारणं हे कुणाही मतदाराला करता येण्यासारखं आहे.